दसऱ्याचं बंद दार

चार दिवस झोडपून पाऊस पहाटे थांबला होता, पण आभाळ काही हटायला तयार नव्हतं. वलगावच्या शिवारात, पेढी नदीच्या अंगाला, काळ्या रानात असा चिखल झालेला की पाय उचलावा आणि चप्पल तिथंच राहावी. शकुननं चपला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, काढून ठेवल्या, पदर कमरेला खोचला आणि झेंडूच्या तासात, दोन ओळींच्या मधे, शिरली. फुलं पाणी पिऊन जडशीळ. ओलं फूल तसंच कॅरेटात टाकलं तर दुपारपर्यंत काळं पडतं. म्हणून देठ धरून झटका द्यायचा, पाणी उडवायचं, मग तोडायचं. हात आपोआप चालले होते. डोकं मात्र घाईत होतं. आज नवमी. दिवस बुडायच्या आत रान रिकामं व्हायला हवं.

"माय, ह्या कळ्या राहू देऊ काय?" पलीकडच्या तासातून मोनाली ओरडली.

"राहू दे. परवा तोडू."

"परवा कोन घेते वं झेंडू? परवा तं गायबी तोंड नाई लावत."

मोनाली एकुलती एक. अमरावतीत एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला जाते. नवमीला मात्र दरसाल सुट्टी काढून चिखलात उतरते. तिचं बोलणं खोटं नव्हतं. बाकी फुलवाल्यांचा खरा धंदा दसऱ्याच्या सकाळी. ट्रॅक्टरला हार, दुकानाला तोरण, मोटरसायकलला माळ, सगळं तेव्हाच. शकुनच्या घरचा माल मात्र नवमीलाच बाजारात जायचा, मिळेल त्या भावात, कारण दसऱ्याला त्या घराचं दार उघडत नसे.

नवमीचा सूर्य बुडाला की दार लागायचं, ते दसऱ्याच्या संध्याकाळी चांदण्या दिसेपर्यंत. आत सगळ्यांनी पांढरं नेसायचं. पाण्याचा थेंब नाही. बाहेरच्याशी बोलणं नाही. देव्हाऱ्यावर धुतलेलं धोतर टाकायचं. अख्खं वलगाव आपट्याची पानं घेऊन सोनं वाटत फिरत असताना हे घर मुकं. आणि दुसऱ्या दिवशी या घरचे लोक दारी आलेल्या गरिबाला जेवू घालून, कालची सुकलेली पानं घेऊन घरोघर निघायचे. गावानं नावच पाडलं होतं, शिळ्या सोन्यावाले.

आजीचं एक लहानगं पोर दसऱ्याला गेलं होतं, तिचा हा नेम, एवढं शकुनला लहानपणापासून माहीत होतं. पुढं कधी विचारलं नाही. घराघराचा कुळाचार असतो. कोणाकडं बोकड कापतात, कोणाकडं दार लावतात. त्या घराचं दारही नेमासारखंच अडदांड. आजोबा अमरावतीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. त्यांनी वलगावात घर बांधलं तेव्हा भिंती कुडाच्या होत्या, वर टिनं, पण दार मात्र सागाचं, चार माणसांनी उचलायचं. लोक हसायचे, म्हणायचे, चोर भिंतीतून येईल की हो फिटर! भिंती मागाहून विटांच्या झाल्या. दार तेच राहिलं.

दहाच्या सुमारास शकुनचा फोन वाजला. चिखलाचा हात साडीला पुसून तिनं कानाला लावला. बार्शीटाकळीहून दुर्गाबाई. मोनालीचं ज्या धर्मेंद्रशी ठरत आलं होतं, त्याची आई.

"इहीनबाई, आमच्या घरच्यायनं ठरवलं. उद्याचा मुहूर्त कायले सोडाचा? सोनं बी देतो अन् पोरीच्या अंगावर साडी टाकून लगनबी पक्कं करतो. अकरा वाजता तुमच्या दारात. सैपाक साधाच करजा, श्रीखंड-पुरी झाली तं बस!"

शकुनच्या तोंडून "या ना, या" निघून गेलं. फोन बंद झाला आणि मग तिला दाराची आठवण झाली. मागच्या साली बडनेऱ्याचं एक स्थळ याच दारानं खाल्लं होतं. दसऱ्यासारख्या सणाला दार लावून बसतात, काही करणी-बिरणी असेल, असं म्हणून त्यांनी पाय मागं घेतला. तेव्हा मोनाली हसून मोकळी झाली होती. आता तसं नव्हतं. धर्मेंद्रचं अकोल्यात बियाण्याचं दुकान. फोनवर पोरीचा आवाज त्याच्याशी बोलताना बदलायचा, हे आईच्या कानाला कळत होतं.

ती तशीच अनवाणी धुऱ्यावरच्या टिनाच्या छपरीत गेली. तिची आई तानुबाई तिथं पोत्यावर बसून हार ओवत होती. ब्याऐंशी वर्षांची बाई, पण दाभणात दोरा पहिल्या झटक्याला जायचा.

"माय, औंदा दार उघडू."

दाभण थांबलं नाही. "नाई."

"धर्मेंद्रच्या घरचे येऊन राह्यले उद्या. साडी टाकाले."

"परवा या म्हनाव."

"परवा या म्हनाव! बडनेऱ्यावाल्यायलेबी हेच म्हटलं होतं आपन. मेल्या पोराच्या पायी जित्या पोरीचं लगन मोडू काय मी? सांग ना!"

आता दाभण थांबलं. तानुबाईनं अर्धा हार मांडीवरून खाली ठेवला.

"दार माह्या भावासाठी, दानूसाठी नाई लागत, शकुन. थो जाच्या आधीपासून लागते. लय लय आधीपासून."

"म्हंजे?"

"आपन तेली नाई हाओ."

शकुनला हसूच आलं. "मंग काय पाटील हाओ?"

"यहुदी हाओ."

शकुनला तो शब्द नीट कळला नाही, आणि कळला नाही म्हणूनच अंगावर काटा आला. आई वेड्यासारखं बोलायची बाई नव्हती. कॅरेट घेऊन आलेली मोनाली मात्र जागच्या जागी उभी राहिली. "आजी, ज्यू? ज्यू म्हन्तं तू?"

"आमच्या कोकणात बेने इस्राएल म्हनत."

"थे टीव्हीवर लढाई दाखवतेत, त्यायच्यातले?" शकुननं विचारलं.

"देव त्यायचा न् आपला एकच," तानुबाई म्हणाली. "पन त्यायनं आपल्याले आपलं म्हटलं नाई."

आणि मग जे तिनं आपल्या नवऱ्याला मरेपर्यंत सांगितलं नव्हतं, ते झेंडूच्या ढिगाशी बसून सांगितलं. मधे मधे हाताला चाळा म्हणून फुलं उचलायची, पुन्हा ठेवायची.

ती सात वर्षांची होती. कोकणात समुद्राकाठी घर होतं, नारळीची चार झाडं होती. बापानं ऐकलं की आपल्या लोकांचा आपला देश झाला, चला. घर भावाला देऊन टाकलं. अख्खं गाव पोचवायला आलं, हिंदू, मुसलमान सगळे. ढोल वाजवला, गळ्यात हार घातले. विमानात बसून गेले, आणि उतरले ते तंबूंच्या छावणीत. वाळू, वारा, हाडं फोडणारी थंडी.

"बाबा फिटर मानूस. त्याच्या हाती फावडं देलं. छावणीत लोकं म्हनत, गोऱ्यायले गोरा पाव, काळ्यायले काळा. एक दिवस टेबलामागचा कारकून म्हने, तुमी खरे यहुदी कशावरून? पुरावा दाखवा. बाई, म्हंजे माही माय, म्हने, आमच्या साऱ्या गावाले मालूम हाये. थो हासला. म्हने, तुमचं गाव इथं कुठं हाये?"

शकुन तिच्यासमोर येऊन बसली.

"मंग दारफाळणीचा सण आला. कोकणात त्या दिवशी दार लावून घेत अन् देवाच्या पुढं उपाशी राहत, म्हनून सणाचं नावच थे. पन तंबूले कुठचं दार वं? नुसता कपडा, दिवसभर फडफड फडफड. दानू दोन वर्साचा, तापानं फनफनलेला. बाईनं थो कपडा दोन्ही हातानं धरून ठेवला. बाबा म्हने सोड, पोराजवळ ये. थे म्हने, नाई, दार लागलं पाह्यजे. सांजच्याले वाऱ्याचा एक झपाटा आला, कपडा सुटला हातातून. तिनं मागं पाह्यलं, तं दानू गेलेला."

मोनालीच्या हातातलं कॅरेट तिनं कधी खाली ठेवलं ते कोणाला कळलं नाही.

"दानूले मातीत पुराची येळ आली तं अखीन थोच कारकून. म्हने, आधी पोराच्या मायचं कूळ सांगा. शेजारच्या तंबूत एक बुढी होती, मोरोक्कोची का कुठची. तिचं बोलनं आमाले समजे ना. पन थे अशी भांडली त्या कारकुनाशी, अशी भांडली! जागा घेऊन देली. आपली चादर देली गुंडाळाले."

मायदेशी परत आले तेव्हा कोकणात कुठल्या तोंडानं जायचं? ज्या गावानं ढोल वाजवून पोचवलं, त्याला काय सांगायचं? बापाचा एक ओळखीचा अमरावतीच्या जिनात होता, म्हणून बडनेऱ्याला उतरले.

"गाडीतच बाबानं सांगतलं, उतरल्यावर आपन यहुदी नाई. कोकणात लोकं आपल्याले शनवार तेली म्हनत, शनवारी घाना बंद ठेवत म्हनून. त्यातला शनवार बाबानं टाकून देला, तेली ठेवलं. माहं नाव मिलका होतं. ठेसनावर मी तानू झाली."

"अन् आजी?" शकुननं विचारलं.

"बाईनं सारं कबूल केलं. कुंकू लावलं, देव मांडले. एकच म्हने, वर्सातून एक दिवस मी दार लावून घेईन. आता मले दार हाये."

छपरीवर पावसाचे चार थेंब वाजले आणि थांबले. शकुनला स्वतःचीच एक गोष्ट आठवत होती. तिला मांडवात बसवत नाही. लग्नाचा असो, सप्ताहाचा असो. कापडी कनात वाऱ्यानं हलली की छातीत धडधड, हातपाय गार. स्वतःच्या लग्नात ती बोहल्यावर घेरी येऊन पडली होती. अमरावतीच्या डॉक्टरनं रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या; पन्नाशी उलटली तरी ती त्या गोळ्या खात होती. आता तिला दिसलं, जत्रेत, लग्नात, प्रत्येक मांडवात लहान शकुनचं मनगट करकचून धरून बसलेला आईचा हात. आपलं म्हणून जे भय तिनं जन्मभर सांभाळलं, ते तिचं नव्हतंच. जो देश तिनं पाहिला नाही, तिथल्या एका तंबूचं होतं.

"मले काहून नाई सांगतलं?" ती जवळजवळ ओरडली. "पन्नास वर्सं मी कोन म्हनून जगली मंग?"

"जिथं सांगतलं तिथं पुरावा मांगतला," तानुबाई म्हणाली. "नाई सांगतलं, तिथं कोनी काई मांगतलं नाई. आमच्यात पोर मायचं असते. मी हाये म्हनून तू हाये, अन् हे मोनालीबी हाये. तुले माहीत नसलं तं तू नाई होत, असं वाटलं मले."

एवढ्यात शकुनचा नवरा सहदेव भरलेली कॅरेटं छोटा हत्ती टेम्पोत चढवून आला. सासऱ्यासारखाच घरजावई माणूस, या घरात तीस वर्षं काढलेली. मोनालीनं त्याला दोन वाक्यांत सांगितलं. तो पोत्यावर बसला, उठला, पुन्हा बसला.

"बाप्पा! अन् तीस वर्सं माह्याकडूनबी निर्जळी करून घेतली? मामी, म्हंजे मीबी झालो काय यहुदी?"

"तुह्याच्यानं एक दिवस तमाखूबिगर निघत नाई," सासू म्हणाली. "दरसाल कोठीत लपून खातं, मले काय मालूम नाई? तू काय होतं?"

एरवी सगळे हसले असते. सहदेवनं खिशातली पुडी काढली, बघितली, पुन्हा ठेवून दिली.

मोनाली मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होती. "आजी, थो सण औंदा उद्याच हाये. म्हंजे आज सांजपासून. अगदी बरोबर दसऱ्याले. मागच्या सालीबी बरोबर." मग तिचं बोट थांबलं. "पन त्याच्या आधीच्या साली... दसऱ्याच्या महिनाभर पह्यलेच होऊन गेला होता."

"काय म्हन्तं?"

"त्यायचा अधिक महिना वेगळा असते आजी. दर दोन-तीन वर्सायनं सण महिनाभर इकडं सरकते. तुमी दसरा धरून चालल्या. कधी बरोबर, कधी चुकला."

इतका वेळ कोरड्या डोळ्यांनी सांगणारी तानुबाई आता हातातल्या फुलाकडं पाहू लागली. "बाई पितृअमावस्येपासून दिवस मोजे," ती पुटपुटली. "पह्यल्या साली दहावा दिवस आला तं गावात दसरा होता. म्हने बरं झालं, आता गावच आपल्याले ध्यान देईन. सांगणारं कोनी नोतंच ना वं... किती दार चुकीचे लावले असतीन तिनं. किती उपास!" मरेपर्यंत पाण्याविना काढलेले आईचे कितीतरी दसरे तिच्या डोळ्यांपुढून जात असावेत. मग ती एकदम कठोर झाली. "उघड दार. जे चुकीचंच होतं ते कायले लावाचं? येऊ दे तिच्या सासरच्यायले."

शकुनला सकाळपासून हेच शब्द हवे होते. ते मिळाले, आणि तिला ते घेता येईनात. तिनं मोनालीकडं पाहिलं.

"औंदा तं तारीख बरोबर हाये ना?"

"हाये, माय."

"मंग औंदा नाई उघडत."

"अन् धर्मेंद्र?" पोरीचा आवाज बारीक झाला.

शकुननं फोन हातात घेतला. तिनं बार्शीटाकळीला फोन लावला, आमचं दार उद्या बंद असते, परवा या, एवढंच सांगितलं. पलीकडून दुर्गाबाई भडकल्या. "दसऱ्याच्या दिवशी पाहुना वापस पाठवता काय? आमचे घरचे निघाले म्हंजे निघाले. दार उघडा नाई तं ठेवा बंद, आमी अकराले येतो, काय हाये थे डोयानं पाहतो!"

दिवस बुडाला. पांढऱ्या साड्या निघाल्या, देव्हाऱ्यावर धोतर पडलं, सागाच्या दाराला आतून आडणा लागला. आजवर शकुन या दिवशी भिंतीला टेकून भुकेचा आणि कंटाळ्याचा विचार करायची. आता ती दाराकडं पाहत बसली. त्या लाकडाच्या मागं काय काय होतं!

दसऱ्याला अकराच्या आसपास बाहेर गाडीचा आवाज आला. चपला वाजल्या. शेजारचं कोणीतरी म्हणालं, "नाई उघडत थे. शिळ्या सोन्यावाले हायेत." कडी वाजली. मग धर्मेंद्रचा आवाज, "मामी? मोनाली?"

मोनालीनं तोंडात पदर कोंबला.

शकुननं वळून पाहिलं. तानुबाई कधी उठली कोण जाणे. दाराशी उभी होती, दोन्ही हातांनी आडणा धरून. आडणा लोखंडी, दार सागाचं, बाहेरचं माणूस धक्का मारत नव्हतं. तरी ती म्हातारी सगळा जीव लावून धरून होती, सुरकुतलेल्या मनगटांवर शिरा तट्ट फुगलेल्या, डोळे मागं, खोलीतल्या रिकाम्या जागेकडं. तिथं कोणी नव्हतं. शकुनला मात्र तिथं काय होतं ते दिसलं.

ती उठली, आईच्या हातांवर आपले हात ठेवले. ते हात बर्फ होते. "माय, सोड. दार लागलेलं हाये," ती हळूच म्हणाली. "नाई सुटत आता." म्हातारीची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

मग शकुन दाराला तोंड लावून बोलली. नेम मोडला. तिच्या घरानं सत्तर वर्षांत बाहेरच्या माणसाला जे सांगितलं नव्हतं, ते सांगितलं.

"इहीनबाई, आमी तेली नाई. आमी यहुदी हाओ. आमच्या देवाचा सण हाये, म्हनून दार बंद हाये. फसवलं नाई तुमाले. मलेच काल समजलं. पुरावा माह्यापाशी काई नाई."

तानुबाईनं डोळे मिटले, आता कारकून बोलणार म्हणून.

"कोन हाओ म्हन्ता?" दुर्गाबाईंचा आवाज दारापाशी आला.

"यहुदी."

"मी तं आयकलं नाई बाप्पा कधी." खुसफुस झाली. एक पुरुषी आवाज काहीतरी चिडून बोलला, धर्मेंद्र त्याला काही सांगत होता. मग पुन्हा दुर्गाबाई. "उपास हाये काय तुमाले?"

"हो."

"पानीबी नाई?"

"नाई."

"बुढीलेबी?"

"तिलेबी नाई."

"अवं माय! अन् तू कायले कडी वाजवून राह्यला रे धर्मेंद्र, बाया निर्जळी हायेत आत." आवाज खाली आला. "इहीनबाई, आमच्या घरचे रागात हायेत. मी काई वचन देत नाई. उद्या मी पोराले घेऊन येतो, थे आले तं आले. मंग नीट सांगजा कोन हाओ थे. लगनाचं त्याच्यामंग."

गाडी गेली. संध्याकाळी चांदण्या दिसल्यावर सहदेवनं आडणा काढला, तेव्हा उंबऱ्यावर आपट्याच्या पानांची एक जुडी होती, दिवसभरात कडा वळलेली. तानुबाईनं ती उचलून बराच वेळ हातात धरली. पाणी सगळ्यात आधी मोनालीनं तिला पाजलं.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा आभाळ धुतलेलं होतं. दारी आलेले गरीब जेवून गेले. शकुन रानात उतरली. नवमीला राहिलेल्या कळ्या दोन रात्रींत फुलून आल्या होत्या, आणि भाव नसला तरी फूल झाडावर ठेवलं की पुढचा बहर अडतो. धुऱ्यावरून सहदेवनं हाक मारली, डांबरी रस्त्यावरून एक गाडी गावाकडं वळली म्हणून.

"कोन कोन हाये आत?" शकुननं विचारलं.

"इथून नाई दिसत."

"येऊ दे. दार उघडंच हाये," ती म्हणाली. टोपलं अर्धं भरलं होतं. तिनं देठ धरलं, झटका देऊन दव उडवलं आणि पुढचं फूल तोडलं.